ट्रॉली थांबेपर्यंत हलायचं नाही

काम जास्त असतं तेव्हा किस्से घडतात, आणि काम कमी झालं की ते आठवायला लागतात. मुलचेरा तालुक्यातल्या एका गावात मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवायला लागलो तेव्हा अकरावी-बारावी मिळून सत्तरएक पोरं होती. किस्से सांगायला फुरसत कुणाला होती! मग पोरं क्लासेससाठी गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरला जायला लागली आणि आमची फुरसत वाढत गेली. शेवटच्या वर्षी वर्गात एकच मुलगी उरली, आणि किस्से मात्र कपाटभर झाले.

हे सगळे किस्से फिजिक्सच्या लॅबमधले. लॅब म्हणजे एक लांब टेबल, दोन खिडक्या आणि गोविंदाभाऊ. गोविंदाभाऊ आमचे लॅब अटेंडंट. सातवी शिकलेले, जातीचे ढिवर. सकाळी तलावावर जाळं टाकायचं, साडेदहाला लॅब उघडायची, असा त्यांचा दिवस. शिवाय बॉटनीचे बिस्वास सर, जे शेजारच्या बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातून मोपेडवर यायचे आणि चहाला आमच्याकडेच असायचे.

एक गोष्ट आधीच सांगतो. फिजिक्सला एकही पोर आलं नाही तर लॅब बंद होणार आणि मी अतिरिक्त ठरून दुसरीकडे जाणार, हे आम्हा तिघांनाही शेवटची सहा-सात वर्षं रोज माहीत होतं. त्यावर आम्ही बोलत नव्हतो. त्याऐवजी किस्से सांगत होतो.

*

पहिल्या दिवशी मी लॅबमध्ये शिरलो तर एक सडपातळ माणूस वाकून ट्रॉलीच्या चाकांना तेल देत होता. प्रयोगाची ट्रॉली म्हणजे लाकडी फळीला चार चाकं, दुसरं काही नाही. तेल मात्र मोहाच्या टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं! "मशीनचं तेल ह्या चाकाइले मानवत नाई जी," असं त्यांचं मत होतं.

मला खालपासून वरपर्यंत पाहून त्यांनी विचारलं, "सर, तुमाले येते का?"

"काय?"

"फिजिक्स."

माझ्या एम.एस्सी.ची इतकी सरळ चौकशी मुलाखतीतही झाली नव्हती!

त्यांनी दोन ट्रॉल्या पाठीला पाठ लावून ठेवल्या. मध्ये दाबलेली स्प्रिंग, ती दोऱ्यानं बांधलेली. एका ट्रॉलीवर वीट ठेवली, दुसरी रिकामी. मग काडी ओढून दोरा जाळला. फटकन दोघी सुटल्या. रिकामी थेट टेबलाच्या टोकाला, आणि विटेची वीतभर सरकून जागीच.

"धक्का दोघीले एकच," गोविंदाभाऊ म्हणाले. "मंग हे काऊन पळाली, न थे काऊन थांबली?"

मी खडू घेतला. धक्का एकच, म्हणजे दोघींचा मोमेंटम सारखा. मोमेंटम म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, म्हणून जड आहे तिचा वेग कमी, हलकी आहे तिचा जास्त. पण कायनेटिक एनर्जी काढायची तर मोमेंटमच्या वर्गाला वस्तुमानाच्या दुपटीनं भागायचं. मोमेंटम तोच असेल तर वस्तुमान जितकं कमी तितकी एनर्जी जास्त. हलकीला घबाड मिळतं, विटेच्या वाट्याला चिमूटभर येतं! मी उदाहरणं दिली, आकडे घातले, बोर्ड पुसून पुन्हा भरला. वीस मिनिटं गेली.

गोविंदाभाऊंनी समाधानानं मान हलवली. "तुमी टिकता जी. पहिलेच्या सरनं दोन मिनटात सांगतलं होतं. सोमवारी आले, शनिवारी घरी गेले, आतापावतर वापस आले नाईत!"

*

लॅबमध्ये गोविंदाभाऊंचा एकच नियम होता. सुटलेली ट्रॉली आपणहून थांबत नाही तोवर तिला हात लावायचा नाही आणि कुणी जागचं हलायचं नाही. "पाय वाजला का टेबल हलते, टेबल हललं का रीडिंग मरते." आणि ट्रॉली थांबली की खणखणीत आवाजात, "हं, रीडिंग घ्या!"

एकदा तपासणीला दोन साहेब आले होते. प्राचार्य त्यांना लॅब दाखवायला घेऊन आले. गोविंदाभाऊंनी त्या दिवशी उत्साहात तेल जरा जास्तच घातलं होतं. दोरा जळला, हलकी ट्रॉली सुटली, टेबलाच्या टोकाची उशी चुकवून, उताराच्या प्रयोगासाठी टेबलाला टेकवलेल्या फळीवरून खाली घसरली आणि दारातून व्हरांड्यात! व्हरांड्याला पाणी जायला उतार. प्राचार्य धावले आणि त्यांनी हात पुढे केला.

"हात नोका लावू जी!" गोविंदाभाऊ असे ओरडले की प्राचार्यांचा हात तसाच हवेत राहिला.

मग काय! पुढे ट्रॉली, तिच्या मागे चवड्यांवर चालणारे प्राचार्य, त्यांच्या मागे दोन साहेब आणि सगळ्यात मागे हातात खडू घेतलेले गोविंदाभाऊ. सगळा स्टाफ दारांत उभा. ट्रॉली पिण्याच्या पाण्याच्या माठापाशी जाऊन थांबली. गोविंदाभाऊंनी फरशीवर खूण केली आणि साहेबांकडे वळून म्हणाले, "हं, रीडिंग घ्या!"

मोठ्या साहेबांनी मुकाट्यानं खिशातून पेन काढलं.

*

फळ्यावर मी दर वर्षी एक चित्र काढायचो. पाणी, नाव, आणि नावेतून काठावर उडी मारणारा माणूस. माणूस पुढे, नाव मागे, मोमेंटम सारखा. पुस्तकातलंच चित्र. एकदा गोविंदाभाऊ डस्टर घेऊन आत आले आणि माझ्या चित्रापुढे उभे राहिले.

"सर, ह्या डोंग्यात तुमी बसले का कधी?"

"नाही बुवा. मला पोहता येत नाही."

"तरीच." त्यांनी माझी नाव पुसली. शीड पुसलं, वल्ही पुसली. एका सरळ खोडासारखा बुटका डोंगा काढला आणि माणूस टोकावरून उचलून जरा आत उभा केला. "टोकावर उभा केला तं मोमेंटमच्या पहिलेच उलटते न जी!"

वर्ग हसून हसून लोळला. पुढच्या वर्षीपासून मी त्यांचाच डोंगा काढायला लागलो, पण बसलो नाही कधीच. एवढा तलाव कॉलेजपासून दहा मिनिटांवर, पण आपलं राहून गेलं.

*

बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले होते, चांगले कडक. ट्रॉलीवर ठेवायची वजनं त्यांनी हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. शिशाच्या काळपट गोळ्या होत्या त्या.

"ही कुठल्या कंपनीची?"

"घरची," गोविंदाभाऊ म्हणाले.

परीक्षकांचा चेहरा पाहून मला घाम फुटला. आमची वजनं कधीच हरवली होती आणि गोविंदाभाऊ दर प्रॅक्टिकलला आपल्या फेकायच्या जाळ्याच्या गोळ्या सोडवून आणायचे, हे मला माहीत होतं, पण ते असं बाहेर यायला नको होतं. परीक्षकांनी तराजू मागवला. एकेक गोळी तोलली. सगळ्या सारख्या! जाळं सगळीकडून एकदम पाण्यात बुडायला पाहिजे, म्हणून माणूस स्वतःच्या हातानं गोळ्या ओततो आणि तोलतो. त्यात चूक झाली तर मासे निसटतात.

"कमाल आहे," परीक्षक म्हणाले. "चार दिवस इथं गोळ्या, मग तुमच्या जाळ्याचं काय?"

"काई नाई जी. प्रॅक्टिकलच्या हप्त्यात आमच्या घरी वरण राह्यते."

*

एकमेकींना चिकटणाऱ्या ट्रॉल्यांचा प्रयोगही असतो. एक उभी, दुसरी येऊन तिला धडकते, मेणानं दोघी चिकटतात आणि जोडीनं पुढे सरकतात. दोघी सारख्या वजनाच्या असतील तर मोमेंटम सगळा टिकतो, एनर्जी मात्र नेमकी अर्धी जाते. बिस्वास सर चहा पीत बघत होते.

"जाते म्हणजे कुठे जाते?" त्यांनी विचारलं.

"थोडी उष्णतेत, थोडी आवाजात. ती टक्कर ऐकली ना, ती."

बिस्वास सरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे लग्नच की! फक्त आमच्या घरी अर्धी नाही सर, सगळीच्या सगळी आवाजात जाते!"

आम्ही दोघं खो खो हसलो. गोविंदाभाऊ ट्रॉलीचं मेण खरवडत होते. ते काही हसले नाहीत. मान वर न करताच म्हणाले, "आवाज पाह्यजे जी. माह्या घरी तीन वर्सापासून आवाजच नाई."

त्यांची बायको गेली त्याला त्या पावसाळ्यात तीन वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. बिस्वास सरांनी उरलेला चहा तसाच संपवला. त्या दिवसापासून ते दुपारचा डबा आमच्याच लॅबमध्ये खायला लागले आणि मुद्दाम भांडी आपटायला लागले.

*

माझं घर म्हणजे ऊर्जानगर, चंद्रपूरच्या वीज केंद्राची कॉलनी. माझी बायको तिकडे एका दवाखान्यात नर्स, आम्हाला राहायची जागा तिच्या नावावर. मी शनिवारी दुपारची बस पकडायचो, दोनदा गाडी बदलायचो आणि दिवेलागणीला पोचायचो. सोमवारी पहाटेच्या बसनं परत. एका शनिवारी गेटवर नवा गार्ड होता. त्यानं रजिस्टर पुढे सरकवलं.

"भाऊ, एंट्री करा. बाहेरच्या माणसाइले करा लागते."

नाव लिहिलं. कुणाकडे, ते लिहिलं. पुढचा रकाना होता, भेटीचं कारण. मी बराच वेळ पेन धरून उभा राहिलो आणि शेवटी लिहिलं, "राहणे."

त्यानं वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "किती दिवस?"

"दीड."

सोमवारी हा किस्सा मी अगदी रंगवून सांगितला. बिस्वास सर टेबलावर हात मारून हसले. मलाही हसू येत होतं, पण खरं सांगतो, शनिवारी बायकोला हा किस्सा सांगितला तेव्हा ती हसली नव्हती. गोविंदाभाऊ मात्र गंभीरपणे विचार करत होते. लॅबचं दार पूर्ण उघडून त्याला खाली वीट लावत ते म्हणाले, "इथी तं कोणी रजिस्टर मांगत नाई न जी?"

*

दर वर्षी उन्हाळ्यात मी बदलीचा अर्ज करायचो. चंद्रपूरच्या बाजूला कुठंही द्या, असा. दर वर्षी जागा नाही असं उत्तर यायचं, आणि ते आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या दाराशी पळसाच्या पानात गुंडाळलेले मासे असायचे. बहुतेक वेळा मरळ, कधी झिंगे. बाहेर गोविंदाभाऊ.

"नाई झालं म्हंते?"

"नाही झालं."

"जाऊ द्या जी. मासे खा."

हे मासे माझं दुःख हलकं करायला होते की त्यांच्या आनंदाचे, हे मी कधी विचारलं नाही. खाल्ले मात्र चवीनं. अठरा वर्षांत अठरा वेळा खाल्ले!

*

शेवटच्या वर्षीची ती एकुलती एक मुलगी म्हणजे ममता. धानाची शेती करणाऱ्या घरातली, सायकलवर यायची. वर्गात एकटी असूनही हजेरी घ्यायला लावायची. "नाव घ्या न सर. नाई तं मले वाटते का मी आलीच नाई." मग मी खुर्चीवर बसून तिचं नाव पुकारायचो आणि ती उभी राहून "हजर" म्हणायची.

प्रयोगाला दोन माणसं लागतात. एकानं दोरा जाळायचा, दुसऱ्यानं खूण करायची. पार्टनर म्हणून अर्थातच गोविंदाभाऊ. ममता काटेकोर, तिनं जर्नलमध्ये प्रत्येक पानावर पार्टनरच्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. प्रॅक्टिकलला आलेल्या परीक्षक बाईंनी जर्नल चाळलं.

"हा गोविंदा कोण? गैरहजर का आहे?"

"हजर जी!" मागून आवाज आला. गोविंदाभाऊ चहाचा ट्रे घेऊन उभे होते.

बाईंनी चष्मा काढला. पण बाई रसिक होत्या. म्हणाल्या, "बरं, मग तोंडी परीक्षा तुमचीही. दोन ट्रॉल्या एकाच स्प्रिंगनं सुटल्या. मोमेंटम?"

"दोघीले सारखाच."

"आणि एनर्जी जास्त कुणाला?"

"हलकीले."

"का बरं?"

मला वाटलं आता ते वर्ग आणि भागाकार सांगणार. इतक्या वर्षांत शेकडो वेळा ऐकलं होतं त्यांनी. पण त्यांनी ममताकडे पाहिलं आणि ट्रे टेबलावर ठेवला.

"तिले दूर जाचं राह्यते म्हून."

बाईंनी ममताला चांगले मार्क दिले. गोविंदाभाऊंचे किती, ते सांगितलं नाही.

*

ममता नागपूरला बी.एस्सी.ला गेली. निघायच्या आधी पेढे घेऊन आली आणि दारातच एक शंका विचारली. "सर, दोन ट्रॉल्या उलट्या दिशेनं चालल्या, तं दोघीचा मिळून मोमेंटम झिरो येते. म्हणजे हिशेबात काहीच हललं नाई. पण एनर्जी तं आहे न?"

"आहे. एनर्जीला दिशा नसते, ती वजा होत नाही. दोघींची बेरीजच होते."

"तेच म्हटलं," ती म्हणाली. "काहीच हललं नाई असं कसं होईन?" मग तिनं आम्हा दोघांना नमस्कार केला आणि सायकलवर बसून गेली. आम्ही दोघं ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभे होतो. नियमच होता आमचा तो.

त्या वर्षी अकरावीला फिजिक्सला कुणी आलं नाही.

*

माझी ऑर्डर आली. नवं कॉलेज ऊर्जानगरपासून सायकलच्या अंतरावर! एकोणीस वर्षं मी जे मागत होतो तेच. बायको फोनवर म्हणाली, "आता गेटवर सांगून ठेवते, घरचा माणूस येतोय म्हणून." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि फोन ठेवून लॅबमध्ये गेलो तर गोविंदाभाऊ ट्रॉल्यांची चाकं पुसून त्या कपाटात ठेवत होते, ते पाहून मला इतकं एकटं वाटलं की मी दारातूनच परत फिरलो. लॅबला कुलूप लागणार होतं. त्यांना ऑफिसच्या बाहेर घंटेपाशी बसवणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं. मासे नव्हते.

निघायच्या दिवशी बस तीनची होती, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून जाणारी. बिस्वास सर माझी ट्रंक घेऊन पाळीवरच्या थांब्यावर उभे राहिले. दोन वाजता गोविंदाभाऊ खोलीवर आले. "चला जी, डोंग्यात बसून घ्या एकडाव."

तलाव काठोकाठ भरला होता. मी जीव मुठीत धरून बसलो. ते मागे उभे राहून बांबूनं डोंगा रेटत होते. कमळाच्या पानांतून आम्ही पार मधोमध गेलो आणि परत फिरलो. काठ दोन हातांवर आला तेव्हा त्यांनी डोंगा थांबवला आणि ते खाली बसले.

"मारा आता उडी."

"भाऊ, अजून थोडा जवळ घ्या ना."

"एकोणीस वर्सं बोर्डावर मारली जी. आज इथी मारा. टोकावर नोका जाऊ, जरासे आतून."

मी उभा राहिलो. डोळे मिटून उडी मारली. काठावरच्या चिखलात गुडघ्यांवर पडलो, चष्मा सावरला, उठलो आणि मागे वळलो.

डोंगा मागे चालला होता. अगदी हळू. गोविंदाभाऊंनी बांबू आडवा ठेवून दिला होता आणि दोन्ही हात मांडीवर. वारा नव्हता.

"सर! बस आली!" पाळीवरून बिस्वास सर ओरडले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

मी एक पाऊल उचललं.

"हलू नोका जी!" पाण्यावरून आवाज आला. "अजून थांबला नाई!"

मी पाऊल जागच्या जागी ठेवलं. हॉर्न पुन्हा वाजला, मग आणखी एकदा, लांबलचक. मग गाडीचा आवाज पाळीवरून दूर दूर गेला. बिस्वास सर माझी ट्रंक डोक्यावर घेऊन खाली उतरायला लागले.

मी घड्याळात पाहिलं. डोंगा अजून थांबला नव्हता.